श्वानांच्या प्रोस्टेट कर्करोगाचा अभ्यास सांगली-साताऱ्यात का व्हावा

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतील भटक्या कुत्र्यांविषयी आधी एक कडक आदेश दिला आणि अकरा दिवसांनी तो बराच सौम्य केला. तेव्हापासून दिल्लीशी काही संबंध नसलेल्या सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा या गावांतही कुत्र्यांवरून वाद रंगू लागले आणि त्या वादांत एका आडवाटेच्या विषयाची ओढाताण सुरू झाली. तो विषय म्हणजे कुत्र्यांना होणाऱ्या प्रोस्टेट ग्रंथीच्या (नरांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीच्या) कर्करोगावरील रेणवीय, म्हणजे पेशींतली जनुके आणि प्रथिने तपासणारे, संशोधन. नसबंदीचे विरोधक या संशोधनाचा हवाला देऊन सांगतात की, नसबंदी केलेल्या, म्हणजे वृषण काढलेल्या, कुत्र्यांना हा कर्करोग अधिक होतो, तेव्हा महापालिकेची मोहीम म्हणजे शास्त्रानेच चुकीची ठरवलेली क्रूरता आहे. कुत्र्यांच्या उपद्रवाने त्रासलेले लोक त्यावर विचारतात की, जिथे कुत्रा चावल्यावर माणसाला वेळेवर लस मिळण्याची खात्री नाही, तिथे कुत्र्याच्या प्रोस्टेटमधील जनुके तपासण्याची चैन कुणाला सुचते? पहिल्या बाजूने संशोधनातले एक वाक्य उचलले आहे, दुसरीने तेवढेही वाचलेले नाही.

माझे मत असे आहे की हे संशोधन करण्याजोगे आहे, ते आपल्या दोन जिल्ह्यांतही झाले पाहिजे आणि त्याचे समर्थन ‘कुत्र्याचा रोग हा माणसाच्याच रोगाची प्रत आहे’ या सोयीस्कर विधानावर उभे करू नये. ते विधान अर्धेच खरे आहे. कुत्र्याचा हा रोग माणसाच्या रोगापासून ज्या वळणावर वेगळा होतो, त्या वळणावरच त्याच्याकडून शिकण्याजोगे अधिक आहे, आणि नेमके तेच आपल्या चर्चेत कुणी बोलत नाही.

आधी साम्याचा भाग. मोठ्या सस्तन प्राण्यांत प्रोस्टेटचा कर्करोग आपोआप, म्हणजे प्रयोगशाळेत कुणी मुद्दाम घडवल्यावाचून, दखल घेण्याइतक्या प्रमाणात होतो तो माणसाला आणि कुत्र्याला. बैल, घोडा यांच्यात तो क्वचितच नोंदला जातो. उंदराला तो निसर्गतः जवळजवळ होतच नाही. एखादे जनुक काढून टाकून किंवा घालून तो घडवावा लागतो, आणि घडवला तरी तो हाडांपर्यंत सहसा पोहोचत नाही. कुत्र्यात मात्र तो लसिका गाठींत, फुप्फुसांत, कमरेच्या मणक्यांत आणि कटिबंधाच्या हाडांत पसरतो, आणि तिथे हाड पोखरण्याबरोबरच नवे, वेडेवाकडे हाड घडवतो. असे नवे हाड तयार होणे ही माणसाच्या प्रोस्टेट कर्करोगाचीही खूण आहे. रोग उतारवयात, कुत्र्याच्या बाबतीत साधारण दहाव्या वर्षाच्या सुमारास, उघड होतो आणि दोघांतही तो बहुधा उशिरा ओळखला जातो. आजोबांना रात्रीतून चार वेळा उठावे लागते याला ‘वय झालं’ म्हणणारे घर आणि कुत्रा मागचे पाय ओढतो याला ‘वारं गेलं’ म्हणणारे घर बहुतेक वेळा एकच असते. २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे १४ लाख पुरुषांना या कर्करोगाचे निदान झाले, तेव्हा हा विषय चैनीचा आहे असे निदान पुरुषांनी तरी म्हणू नये.

आता इतिहासाकडे वळू, कारण या प्रश्नाचा इतिहासच फार उद्बोधक आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठातील शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्स कुत्र्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा स्राव मोजण्याचे प्रयोग करत होते. त्यांचा मूळ विषय कर्करोग नव्हता, ग्रंथीचा चयापचय होता. प्रयोगात मध्येच एखादा गाठ झालेला म्हातारा कुत्रा येई आणि मोजमापे बिघडत. सुरुवातीला हा प्रकार वैतागवाणा वाटे, पण लवकरच असेच कुत्रे मुद्दाम शोधले जाऊ लागले, असे त्यांनी पुढे नोबेल व्याख्यानात सांगितले आहे. वृषण काढले किंवा स्त्रीसंप्रेरक दिले की वाढलेली ग्रंथी आक्रसते, हे कुत्र्यात दिसले. १९४१ मध्ये हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी तेच उपाय प्रोस्टेटचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या पुरुषांवर करून पाहिले आणि रोग मागे हटताना दाखवला. कर्करोगाची वाढ संप्रेरकांवर अवलंबून असू शकते आणि ती संप्रेरके तोडून रोखता येते, हे त्यातून सिद्ध झाले. १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अलीकडे आलेली अबिराटेरोन आणि एन्झाल्युटामाइड ही औषधेसुद्धा त्याच वाटेवरची आहेत.

या कथेतला खरा पेच सहसा सांगितला जात नाही. हगिन्स यांच्या कुत्र्यांमध्ये जी वाढ आक्रसली, ती प्रामुख्याने साधी, कर्करोग नसलेली वाढ होती. पुढे स्पष्ट होत गेले की, कुत्र्याचा प्रोस्टेट कर्करोग वृषण काढल्याने हटत नाही. उलट वृषण काढलेल्या कुत्र्यांत तो अधिक आढळतो. म्हणजे ज्या प्राण्यावरून माणसाच्या कर्करोगावरचा उपाय सुचला, त्या प्राण्याच्या कर्करोगाला तो उपाय लागूच पडत नाही! ‘दोन्ही रोग तंतोतंत सारखे असतील तरच अभ्यास करा’ असा नियम १९४० मध्ये कुणी लावला असता, तर लाखो पुरुषांना काही वर्षांचे आयुष्य देणारा उपचार कोणत्या मार्गाने आला असता?

तरीही विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा याच पेचातून निघतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. माणसाच्या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींत पुरुषसंप्रेरकाला प्रतिसाद देणारे ग्राही प्रथिन सहसा भरपूर असते. कुत्र्याच्या कर्करोगात ते बहुधा फार कमी असते किंवा नसतेच. माणसात जवळजवळ निम्म्या गाठींमध्ये टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी ही दोन जनुके एकमेकांना जोडली गेलेली दिसतात, ही गोष्ट २००५ मध्ये उघड झाली; कुत्र्यात हा जोड आढळत नाही. उलट २०१५ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की, कुत्र्यांच्या प्रोस्टेट कर्करोगाच्या पाचांपैकी सुमारे चार गाठींत बी-राफ या जनुकात एक ठरावीक बदल असतो. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या साखळीत ५९५ व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल येते आणि पेशीला ‘वाढ’ असा निरोप देणारी यंत्रणा सतत चालू राहते. माणसाच्या प्रोस्टेट कर्करोगात हा बदल अगदीच विरळ आहे. शिवाय तोच बदल कुत्र्यांच्या मूत्राशयाच्या कर्करोगातही मोठ्या प्रमाणावर सापडतो, आणि गुणसूत्रांचे काही तुकडे वाढण्याचा व गळण्याचा क्रमही दोन्ही रोगांत मिळताजुळता आहे. त्यामुळे ज्याला आपण कुत्र्याचा प्रोस्टेट कर्करोग म्हणतो, त्यातला काही भाग मुळात मूत्रमार्गाच्या अस्तरातून निघालेला असावा, ही शंका गंभीरपणे घ्यावी लागते.

हे सारे मान्य करूनही निष्कर्ष उलटा का निघतो? कारण माणूस मरतो तो रोगाच्या सुरुवातीच्या, संप्रेरकाला मानणाऱ्या अवस्थेत नव्हे. पुरुषसंप्रेरक तोडणारे औषध काही काळ काम करते, मग गाठ त्यावाचून जगायला शिकते, आणि काही रुग्णांत तर ती त्या ग्राहीचा नादच सोडून देते. या शेवटच्या अवस्थेवर आजही हाताशी फारसे काही नाही. कुत्र्याची गाठ पहिल्या दिवसापासून जवळपास याच अवस्थेत असते. संप्रेरकाचा आधार नसताना प्रोस्टेटची पेशी कशावर जगते, कोणत्या वाटेने वाढते, हाडात गेल्यावर तिथल्या पेशींना कोणते निरोप देते, हे प्रश्न विचारण्यासाठी कुत्र्याइतका चांगला नैसर्गिक रुग्ण दुसरा नाही. एका कुत्र्याच्या गाठीपासून तयार केलेली एस-१ (Ace-1) ही पेशीमालिका, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी, अमेरिकेत हाडांतील प्रसाराच्या अभ्यासासाठी वापरली जाते, ती याचसाठी. माणूस या अवस्थेला औषधांच्या दबावाखाली येतो आणि कुत्रा त्यावाचून, हा फरक उरतोच; म्हणून कुत्र्यात सापडलेले उत्तर माणसाच्या ऊतींत पुन्हा तपासावे लागते. टोकियो विद्यापीठातील गटाने नेमके तेच केले. प्रोस्टेट कर्करोग झालेल्या कुत्र्यांच्या गाठींत प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या विशिष्ट टी-पेशी जमतात, त्यांच्या पृष्ठभागावर सीसीआर४ हे प्रथिन असते आणि त्या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड दिल्यावर काही कुत्र्यांच्या गाठी कमी होतात, असे त्यांनी दाखवले, आणि माणसाच्या प्रोस्टेट गाठींतही तशा पेशी आहेत का हेही पाहिले. ते प्रतिपिंड जपानमध्ये माणसांच्या एका रक्ताच्या कर्करोगावर आधीपासून वापरात होते. औषधांचा प्रवास माणसाकडून कुत्र्याकडे आणि पुन्हा माणसाकडे असा दुहेरी चालू शकतो, हे आपल्याकडच्या वादात कुणाच्या गावीही नसते.

बी-राफच्या बाबतीतही तोच धडा आहे. कुत्र्याच्या ५९५ व्या जागेचा बदल हा माणसाच्या ६०० व्या जागेच्या बदलाचा सख्खा भाऊ आहे, आणि माणसात तो त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगाच्या साधारण निम्म्या रुग्णांत असतो. त्यावरचे व्हेम्युराफेनिब हे औषध २०११ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. म्हणजे कुत्र्याच्या प्रोस्टेटचा अभ्यास माणसाच्या प्रोस्टेटला उपयोगी पडेल की नाही, हा प्रश्नच अरुंद आहे. रेणवीय संशोधनाने अवयवांच्या भिंती बऱ्याच ठिकाणी पाडल्या आहेत. शिवाय या शोधाचा एक फायदा खुद्द कुत्र्यालाच झाला: गाठीतून गळलेल्या पेशी लघवीत येतात, त्यांतला हा बदल तपासून सुई न टोचता रोगाचा सुगावा लागतो. सांगली ही हळदीची पेठ असल्याने इथे कोणत्याही कर्करोगाचा विषय निघाला की कुणीतरी हळदीचे नाव घेतोच. त्याला माझा विरोध नाही, पण कोणता पदार्थ कोणत्या पेशीत कोणती वाट अडवतो हे तपासायचे झाले तरी याच प्रकारच्या प्रयोगशाळेच्या दारात जावे लागते.

ज्यांना कोंबडी-कुत्र्यांच्या गाठींवर वेळ घालवणे हास्यास्पद वाटते, त्यांनी १९६६ चे ते नोबेल पारितोषिक नीट पाहावे. ते हगिन्स यांना एकट्याला मिळालेले नव्हते. त्याचा अर्धा वाटा पेटन राउस यांना होता. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत राउस यांच्याकडे छातीवर गाठ आलेली एक कोंबडी आणण्यात आली. त्या गाठीचा पेशीविरहित अर्क टोचल्यावर दुसऱ्या कोंबड्यांनाही कर्करोग होतो, हे त्यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केले. कोंबडीचा रोग कोंबडीपाशी, असे म्हणून तज्ज्ञांनी कित्येक वर्षे तिकडे दुर्लक्ष केले. पुढे त्याच विषाणूतील कर्करोगकारक जनुकाचा माग काढताना मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांना १९७६ मध्ये दिसले की, ते जनुक मुळात निरोगी पेशींतलेच आहे आणि विषाणूने ते उचलून नेले आहे. कर्करोग म्हणजे आपल्याच जनुकांचा बिघाड, ही आजची समजूत त्या शोधावर उभी आहे. आपल्या मातीतलेही उदाहरण आहे. रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये कोलकात्यात हिवतापाच्या प्रसाराचे पूर्ण चक्र उलगडले ते पाखरांच्या हिवतापावर. पाखरांचा परोपजीवी माणसाच्या परोपजीवीहून वेगळा होता आणि त्याचे डासही वेगळे होते. तरी वाट सापडली ती त्या वेगळ्या प्राण्यातच.

आता नसबंदीकडे येऊ, कारण खरी गल्लत तिथे आहे. नेदरलँड्स आणि अमेरिकेतील नोंदींचा अभ्यास सांगतो की, नसबंदी केलेल्या नर कुत्र्यांत प्रोस्टेट कर्करोगाची शक्यता साधारण दोन ते तीन पट दिसते. हा आकडा मी नाकारत नाही. पण कशाच्या दोन-तीन पट? शवविच्छेदनांच्या पाहण्यांत हा रोग हजार कुत्र्यांमागे साधारण दोन ते सहा कुत्र्यांत आढळतो. ढोबळमानाने हजारी चार धरले आणि त्याची तिप्पट केली, तरी हजारातले ९८८ कुत्रे या रोगावाचून मरतात. त्यातही नसबंदी केलेले पाळीव कुत्रे अधिक जपले जातात, अधिक जगतात आणि म्हणून म्हातारपणाच्या रोगापर्यंत पोहोचतात. ही गुंतागुंत त्या अभ्यासांतून पूर्णपणे वजा करणे कठीण आहे. आणि हा रोग दहाव्या वर्षाच्या आसपासचा. सांगलीच्या मार्केट यार्डात किंवा साताऱ्याच्या बसस्थानकामागे जगणाऱ्या किती कुत्र्यांच्या नशिबी दहावे वर्ष असते?

वृषणे असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांत ग्रंथीची साधी वाढ जवळजवळ सार्वत्रिक असते, ग्रंथीला जंतुसंसर्ग होतो, वृषणांच्या गाठी होतात. नसबंदीने हे सारे कमी होते किंवा टळते. भटक्या कुत्र्यांत सर्रास दिसणारा कर्करोग तर वेगळाच आहे. जननेंद्रियांवर फुलकोबीसारखी रक्ताळलेली गाठ येते, आणि ती समागमातून प्रत्यक्ष कर्करोगाच्या पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात गेल्याने पसरते. जनुकीय अभ्यासानुसार ही एकच पेशीवंशावळ काही हजार वर्षांपूर्वी आशियातल्या एका कुत्र्यात सुरू झाली आणि आजही जिवंत आहे. नसबंदीने समागम कमी होतो आणि या रोगाचा रस्ताही अरुंद होतो. कर्करोगाच्याच नावाने नसबंदीला विरोध करायचा असेल, तर हा कर्करोग हिशेबात का धरला जात नाही? आणि माणसाच्या बाजूने पाहिले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात. अशा देशात हजारी चारावरून हजारी बारावर जाणाऱ्या संभाव्य धोक्यासाठी लसीकरण आणि नसबंदीची मोहीम थांबवा म्हणणे, हे संशोधनाचे वाचन नव्हे. पाळीव कुत्र्याच्या मालकाने कोणत्या वयात शस्त्रक्रिया करावी याचा विचार पशुवैद्यकाशी बोलून जरूर करावा. तो वेगळा आणि रास्त प्रश्न आहे.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा प्राधान्यक्रमाचा. तोही हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जत किंवा पाटणच्या डोंगराळ वाडीतल्या कर्करोगाच्या रुग्णाला अजूनही परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागते, जनावरांच्या दवाखान्यांतील रिकाम्या पदांची तक्रार प्रत्येक ग्रामसभेत होते, आणि रेबीजच्या लशीची कुपी वेळेवर मिळणे ही कोणत्याही रेणवीय संशोधनाहून आधीची गरज आहे. लशीचा एक रुपयाही इकडे वळवा असे मी म्हणणार नाही. संशोधनाचा निधी वेगळ्या खात्यातून येतो, हे नेहमीचे उत्तरही मला पुरेसे वाटत नाही, कारण खाती वेगळी असली तरी तिजोरी शेवटी एकच असते. माझे उत्तर दोन गोष्टींवर उभे आहे: खर्च किती, आणि न केल्याची किंमत किती.

न केल्याची किंमत आपण एकदा भोगली आहे. १९९० च्या दशकापासून आपल्या आकाशातली गिधाडे नाहीशी होऊ लागली. काही जातींची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. कारण सापडले ते मेलेल्या गिधाडांची शवविच्छेदने करून मूत्रपिंडे तपासल्यावर. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक मढ्यातून गिधाडांच्या पोटात जात होते. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. तोवर गिधाडांनी सोडलेली मढी कुत्र्यांच्या वाट्याला गेली होती, कुत्रे वाढले होते आणि त्यांच्यामागे रेबीज होताच. जनावराच्या मृत्यूचे कारण शोधणे ही चैन मानणाऱ्या समाजाला तेच कारण माणसाच्या दवाखान्यात येऊन भेटते. रेबीज आधी की संशोधन आधी, असे विचारणाऱ्यांनी आजच्या रेबीजच्या प्रश्नात न झालेल्या शवविच्छेदनांचा वाटा किती, हेही विचारावे.

खर्चाचे बोलायचे तर आपल्या भागात जे करण्याजोगे आहे ते फार महाग नाही. संपूर्ण जनुकसंचाचे वाचन इथे करा असा कुणाचाच आग्रह नाही. बॉक्सर जातीच्या टाशा नावाच्या कुत्रीचा जनुकसंच २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो सर्वांना खुला आहे. आपल्याकडे कमतरता आहे ती ऊतींची आणि नोंदींची. कुत्रा मेला की तो पुरला जातो किंवा घंटागाडीत जातो. तो कशाने मेला, त्याची प्रोस्टेट कशी होती, त्याची नसबंदी झाली होती का, हे कुणी पाहत नाही. शवविच्छेदन करून ग्रंथीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवला आणि मेणाच्या ठोकळ्यात बसवला, तर तो वर्षानुवर्षे टिकतो आणि त्यातून पुढे केव्हाही डीएनए काढता येतो. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे विकृतिशास्त्र शिकवले जाते. मिरजेला वैद्यकाची परंपरा विल्यम वानलेस यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात करोनाचे रुग्ण सापडले तेव्हा नमुने पुण्याला धाडावे लागत होते. थोड्याच दिवसांत मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ती तपासणी सुरू झाली. ज्या पीसीआर तंत्राने ते विषाणू शोधले, त्याच तंत्राने बी-राफमधला बदलही शोधता येतो. यंत्र आहे, माणसे शिकलेली आहेत. त्यांना एकमेकांशी जोडणारा करार मात्र नाही.

आणि इथेच आपला भाग जगाला काही देऊ शकतो. अमेरिकेतील नोंदी मुख्यतः शुद्ध जातींच्या, घरात वाढलेल्या आणि लहान वयातच नसबंदी केलेल्या कुत्र्यांच्या आहेत. स्कॉटिश टेरियर, शेटलंड शीपडॉग अशा काही जातींत मूत्रमार्ग आणि प्रोस्टेटचे कर्करोग जास्त दिसतात. मग वाढलेला धोका नसबंदीचा किती, जातीच्या रक्ताचा किती आणि आयुर्मानाचा किती, हे तिथे वेगळे करणे अवघड जाते. जत-आटपाडीकडचे धनगरांचे कुत्रे, कारवानी जातीचे शिकारी कुत्रे, शेतावरचे राखणदार आणि गावकुत्री यांच्यात नसबंदी न झालेले नर भरपूर आहेत, आणि गावकुत्र्यांचा जनुकीय पैस शुद्ध जातींहून मोठा आहे. दुसरीकडे, शहरांत मोहिमेत पकडलेल्या नरांची नसबंदी वेगवेगळ्या वयांत होते आणि खूण म्हणून त्यांच्या कानाला खाच दिली जाते. शस्त्रक्रियेच्या वयाचा परिणाम पाहायला याहून सोयीची परिस्थिती कुणी मुद्दाम रचली असती तरी जमली नसती.

प्राण्यांवरील प्रयोगांचा आक्षेप इथे येणार, आणि हगिन्स यांचे कुत्रे काही स्वेच्छेने आले नव्हते, हे मी विसरलेलो नाही. पण ज्याला रोग आधीच झाला आहे त्या कुत्र्याला उपचार देताना घेतलेली माहिती आणि निरोगी बीगलला प्रयोगशाळेत आजारी पाडून घेतलेली माहिती यांत नैतिक अंतर मोठे आहे. मालकाची संमती म्हणजे कुत्र्याची संमती नव्हे, हेही खरे. म्हणून जिवंत कुत्र्यावर त्याच्या स्वतःच्या उपचाराला लागेल तेवढेच करावे आणि बाकी सारे मृत्यूनंतर, असा दंडक घालता येतो. मी सुचवतो आहे त्या कामाचा मोठा भाग मृत्यूनंतरचाच आहे.

एक अडचण राहते आणि ती मोठी आहे. हजारी दोन-सहा कुत्र्यांत सापडणारा रोग एका जिल्ह्याच्या नोंदींत दिसायला कित्येक वर्षे लागतील. वीस रुग्ण मिळवायचे तर काही हजार शवविच्छेदने हवीत, तीही म्हाताऱ्या कुत्र्यांची. म्हणून शिरवळबरोबर परळ, परभणी, उदगीर आणि नागपूर ही महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचीच पशुवैद्यकीय महाविद्यालये एका पद्धतीने नोंद ठेवतील, तरच याला अर्थ आहे. नोंदीत वय, नसबंदी झाली असल्यास तिची तारीख, खाणे, घरचा की गल्लीचा, आणि ग्रंथीचा एक ठोकळा, एवढे पुरे. पहिल्या तीन-चार वर्षांत या कपाटांत बहुधा साध्या वाढीचे आणि जंतुसंसर्गाचेच ठोकळे साठतील, कर्करोगाचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील, आणि तेव्हा ‘एवढे करून काय मिळाले’ असा प्रश्न जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत नक्की येईल. त्या वेळी महापालिकेला निदान एवढे तरी सांगता यावे, की कानाला खाच असलेल्या मेलेल्या नरांपैकी किती जणांची प्रोस्टेट तपासली आणि त्यांची नसबंदी कोणत्या वर्षी झाली होती.